आक्काचा पहारा

माणसांवर विश्वास ठेवायची सवय आक्काला कधी लागलीच नाही, आणि त्यात तिचा दोष थोडा, पेशाचा जास्त. शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं, पण तिचं नाव झालं ते परीक्षेच्या वर्गावरच्या पहाऱ्यामुळे. बुटाच्या तळाला चिकटवलेली चिठ्ठी तिने पोरगा दारातून आत येताना नुसत्या चालीवरून ओळखली होती. "आक्का रिटायर झाली, तिचे डोळे नाही झाले," असं तिचा भाऊ म्हणायचा.

भाऊ काचेच्या धंद्यात होता. तळमजल्यावर त्याचा कारखाना. लाकडी घोड्यांवर उभ्या लावलेल्या काचा, मधे जाड कापड अंथरलेलं मोठं टेबल, आणि हवेत कायम रॉकेलचा वास, कारण कापायचं चाक तो रॉकेलमध्ये बुडवून चालवायचा. वर दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको, मागच्या खोलीत आक्का. गल्ली त्याला काचवाले म्हणायची आणि आक्का बाळ्या म्हणायची, केस पांढरे झाले तरी. आईबाप लवकर गेले, तेव्हा आक्कानेच त्याला वाढवलं होतं. लहानपणी त्याला एकदा ताप आला, तर उतरल्यावरही तिने त्याला महिनाभर उंबऱ्याबाहेर पडू दिलं नव्हतं. तो हे विसरला नव्हता.

लग्न त्याने उशिरा केलं. बायको एका लाँड्रीच्या काउंटरवर कामाला होती. हळू बोलणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. उथळ पाण्याला खळखळाट फार हे खरं, पण ज्या पाण्याला अजिबात खळखळाट नाही त्याच्या तळाशी काय आहे ते कोणी पाहिलंय, असं आक्काचं मत होतं. ते तिने लग्नाच्या दिवशी बनवलं आणि पुढे बदलायचं कारण तिला सापडलं नाही.

भावाला साखर होती. ती गोष्ट जुनी, सगळ्यांना ठाऊक. "भाडेकरू आहे," तो म्हणायचा, "गप्प राहतो, मी पण त्याला घराबाहेर काढत नाही." सकाळ-संध्याकाळ बायको त्याला इंजेक्शन टोचायची आणि तो कामाला लागायचा. त्यात आक्काला वावगं काही दिसत नव्हतं. वावगं दिसायला लागलं ते त्या वर्षी, उन्हं तापायला लागल्यावर.

आधी मीठ गेलं. टेबलावरची मिठाची बाटली एक दिवस नाहीशी झाली आणि भावाचं जेवण वेगळ्या भांड्यात शिजायला लागलं. मग त्याचे जुने मऊ बूट गेले. आक्काने विचारलं तर भावजय म्हणाली, "फाटले होते, टाकले." बूट फाटले नव्हते, आक्काने ते आदल्याच आठवड्यात पाहिले होते. मग रोज संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी घेऊन भावजय खोलीत शिरायला लागली, आणि दार आतून बंद व्हायला लागलं. आणि मग ती करड्या रंगाची गाडी. दर आठवड्याला कोपऱ्यावर येऊन उभी राहायची, दारात नाही, कोपऱ्यावर. भावजय भावाला घेऊन जायची आणि दोन-तीन तासांनी परत आणायची. कुठे गेला होतात, असं विचारलं की भाऊ म्हणायचा, काचेच्या घाऊक व्यापाऱ्याकडे. परत आल्यावर तो गॉगल लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा. काचेच्या व्यापाऱ्याकडे जाऊन आलेल्या माणसाला उजेड का सहन होऊ नये?

एवढ्यात भाऊ दिसायला लागला वेगळाच. सकाळी तोंड सुजलेलं, डोळ्यांखाली पिशव्या. हातापायांच्या मात्र काड्या. आणि ज्याने उभ्या आयुष्यात सुतासारखी सरळ रेघ मारली, त्याच्या हातून एका खिडकीची काच बोटभर आखूड कापली गेली. गिऱ्हाईक बोलून गेलं. भाऊ हसला, पण हसताना त्याने बायकोकडे पाहिलं आणि बायकोने मान खाली घातली. आक्काच्या डोळ्याने ते टिपलं. परीक्षेच्या वर्गात दोन पोरं अशी एकमेकांकडे पाहतात तेव्हा चिठ्ठी कुठेतरी असतेच.

चिठ्ठी सापडली ती जिन्यात. भावजय वरच्या पायरीवर पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. आक्का खालून येत होती, ती थांबली.

"मग डोस वाढवू का थोडा?" भावजय म्हणत होती. "नाही, घरात कुणाला कळणार नाही. वन्संना तर नाहीच. त्यांना काही कळू द्यायचं नाही असंच ठरलंय."

आक्का तशीच मागे फिरली आणि खाली दारात जाऊन बसली. मीठ, बूट, बंद दार, गाडी, सुजलेलं तोंड. बेरीज करायला तिला कागद लागत नसे. बाई माझ्या भावाला थोडं थोडं करून मारतेय, आणि कुणीतरी तिला फोनवरून शिकवतंय.

दुसऱ्या दिवशी भावजय बाहेर गेलेली पाहून ती कारखान्यात उतरली. भाऊ टेबलाशी आरसा पुसत होता. तिने सरळ विचारलं, "बाळ्या, ती तुला काय देते?"

"काय देते म्हणजे?"

"रोज सकाळी. हातावर."

"गोळ्या देते." त्याने फडकं खाली ठेवलं.

"कशाच्या?"

भाऊ तिच्याकडे पाहत राहिला. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण त्याच्या तोंडावर काहीतरी हललं आणि विरलं. "मला काय माहीत," तो म्हणाला. "देते, मी घेतो."

"घेऊ नकोस. तोंडात धर आणि माझ्याकडे आणून दे. तिला कळू देऊ नकोस."

आक्काला वाटलं होतं तो चिडेल, बायकोची बाजू घेईल. तो चिडला नाही. थोडं हसून म्हणाला, "बरं." त्या एका 'बरं'ने आक्काची उरलीसुरली शंकाही फिटली. त्यालाही संशय होता तर. बोलायची सोय नव्हती, एवढंच.

तेव्हापासून दोघांचं गुपचूप सुरू झालं. सकाळी तो कारखान्यात उतरण्याआधी मागच्या खोलीत डोकवायचा, गालात धरलेल्या ओल्या गोळ्या तिच्या तळहातावर टाकायचा आणि खुर्चीत बसायचा. आक्का त्या जुन्या कंपासपेटीत ठेवायची आणि त्याच्यापुढे बशी सरकवायची. खारे शेंगदाणे, बटाट्याचे तळलेले काप, वर आणखी मीठ भुरभुरलेलं. तो बोटं चाटून खायचा. लहानपणीच्या गोष्टी काढायचा, मास्तरांच्या नकला करायचा. कित्येक वर्षांत तो तिच्याशी इतका बोलला नव्हता. आक्का त्याच्याकडे बघून मनात म्हणायची, बघा, गोळ्या थांबल्या आणि माणूस कसा खुलला.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गोळ्या दाखवाव्यात असं तिच्या मनात एकदा आलं. ती दुकानापर्यंत गेलीही. तर तो भावजयीशी गप्पा मारत उभा, आणि तिला पिशवी भरून देत होता. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर दाद कुणाकडे मागायची? आक्का परत आली. एका चिठ्ठीवर पोरगं सुटतं, ढीगभर सापडल्या की सुटत नाही. पेटी भरू दे, मग बघू, असं तिने ठरवलं.

पेटी भरत होती आणि भाऊ जिना चढताना थांबायला लागला होता. आधी शेवटच्या पायरीवर, मग मधल्या कठड्याशी. रात्री तो उशाला दोन उशा घेतो, आडवा झाला की खोकतो, हे आक्काने भिंतीपलीकडून ऐकलं. आधीचं विष अंगात मुरलंय, ते निघायला वेळ लागणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. भावजय हल्ली त्याच्याकडे टक लावून पाहायची, आणि मग आक्काकडे. आपला डाव फसत असल्याची तिला चाहूल लागली असावी, असं आक्काला वाटलं.

ते झालं दुपारी, भर उजेडात. केशकर्तनालयासाठी मोठा आरसा कापायचा होता. आक्का दारातल्या स्टुलावर बसून पाहत होती. भावाने पट्टी लावली, चाक रॉकेलमध्ये बुडवलं आणि रेघ ओढायला घेतली. अर्ध्यावर ती रेघ वाकडी झाली. त्याने चाक खाली ठेवलं, टेबलाला धरलं आणि हळूच जमिनीवर बसला. कपाळावरून घाम असा वाहत होता की जणू डोक्यावर कुणी तांब्या ओतलाय.

"कुठे दुखतंय?" आक्काने विचारलं. "छातीत?"

"काही दुखत नाही गं," तो म्हणाला. "दम पुरत नाहीये फक्त."

भावजय आवाज ऐकून खाली आली. एकदाच त्याच्याकडे पाहिलं, फोन काढला आणि गाडीवाल्याला तीन शब्दांत बोलावलं. मग ती त्याला उठवायला वाकली तर आक्का मधे उभी राहिली. दाराच्या दोन्ही चौकटींवर हात टेकून.

"आधी सांग काय दिलंस त्याला. सांगितल्याशिवाय मी त्याला त्या गाडीत बसू देणार नाही."

भावजयीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. "वन्सं, बाजूला व्हा," ती म्हणाली, आणि आक्का हलली नाही तेव्हा त्या मिळमिळीत बाईने तिला दोन्ही हातांनी ढकललं. आक्का काचांच्या घोड्यावर आदळली. तोवर गाडीवाला आत आला होता.

हॉस्पिटलात पोचल्यापोचल्या आक्काने पहिल्या भेटलेल्या डॉक्टरला बाजूला घेतलं आणि विषप्रयोग असण्याची शक्यता आहे असं स्पष्ट सांगितलं. शिक्षिकेचा आवाज होता, त्याने ऐकून घेतलं. भावजयीला एका खोलीत बसवून घरात काय काय आहे, काय खाऊ घातलं, असं विचारलं गेलं. आक्का बाहेर बाकावर ताठ बसून होती. मांडीवर पर्स, आत निघताना उचललेली कंपासपेटी, पर्सच्या तोंडावर हात; पुरावा मोठ्या डॉक्टरांपुढेच उघडायचा असं तिने ठरवलं होतं.

बऱ्याच वेळाने एक मोठ्या डॉक्टरबाई आल्या. केस कानामागे खोचलेले, आवाज दमलेला. त्या भावजयीला नावाने ओळखत होत्या. त्यांनी दोघींना एकाच टेबलाशी बसवलं.

विषबिष काही नाही, त्या म्हणाल्या. हृदयाचा झटका आहे, आणि आजचा नाही, दोन-तीन दिवस हळूहळू चाललेला असावा. आक्का म्हणाली, त्याच्या छातीत दुखतच नव्हतं, मी स्वतः विचारलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, म्हणून दुखणं कळवणारा निरोपच पोचत नाही. त्यांच्या पायात खिळा रुतून जखम झाली होती, ती त्यांना कळलीसुद्धा नव्हती. बुटातल्या रक्तावरून बायकोने ओळखलं. पायाला रक्त नेणाऱ्या वाहिन्याही अरुंद झाल्यात, जखम भरायला महिने लागले. डोळ्यांच्या बारीक वाहिन्या फुटत होत्या, त्यावर लेसर चालू होतं. मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागली होती, म्हणून मीठ बंद.

"नुसती साखर तेवढी मारत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या कुरतडत बसते. डोळ्यात बिघाड दिसला की आम्ही मूत्रपिंड बघतो. तिथेही दिसला की हृदयाची धास्ती घेतो. एका ठिकाणी बिघाड असलेला माणूस आणि तीन ठिकाणी असलेला, यांच्या जिवाच्या धोक्यात खूप फरक पडतो. हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. इंजेक्शनचा डोस वाढवायचा तेव्हाही या मला फोन करून विचारायच्या." मग त्यांनी भावजयीकडे वळून विचारलं, रक्त पातळ ठेवायची गोळी, दाबाची, कोलेस्टेरॉलची, सगळ्या नीट चालू होत्या ना? तपासण्या पाहून तसं वाटत नाहीये.

"रोज हातावर ठेवते," भावजय म्हणाली. "पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते."

डॉक्टरबाई नुसत्या पाहत होत्या, आणि ती नजर आक्काच्या ओळखीची होती. हजार पोरांकडे तिने तसं पाहिलं होतं. समोरचा खोटं बोलतोय, फक्त सिद्ध करायचं राहिलंय. ती नजर भावजयीवर खिळली होती, आणि भावजयीची खरी बाजू सांगू शकतील अशी जगात दोनच माणसं होती. त्यातला एक आत नळ्या लावून पडला होता.

आक्काने पर्स उघडली. कंपासपेटी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गुलाबी-पांढरा गोळा झाला होता.

"तो मला आणून द्यायचा," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

भावजयीने पेटीत पाहिलं. मग विचारलं, "रोज?"

"रोज."

भावजय उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. आक्काने डॉक्टरबाईंना हळू आवाजात विचारलं, गोळ्या घेतल्या असत्या तर हे टळलं असतं का. त्या म्हणाल्या, टळलं असतं, किंवा उशिरा आलं असतं, किंवा याच दिवशी आलं असतं. गोळ्या धोका कमी करतात, पुसून टाकत नाहीत. एका माणसाबद्दल खात्रीने सांगता येत नाही. आक्काला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भाऊ वाचला. बोलायला लागला तेव्हा बायकोने त्याला एकच गोष्ट विचारली: वन्संचा माझ्यावर संशय होता, तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं, मग का?

तो छताकडे पाहत म्हणाला, "तुला सांगितलं होतं आक्काला कळू देऊ नकोस, ती घर डोक्यावर घेईल म्हणून. मग तिला भलताच संशय आलाय असं दिसलं. तिच्या खोलीत गेलं की खायला मिळायचं, आणि कुणी माझ्या पायांकडे बघत नव्हतं. सकाळचा तेवढा अर्धा तास मी आजारी नव्हतो." थोडं थांबून म्हणाला, "तुझ्यावर आळ येतोय हे कळत होतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो."

हे सगळं आक्काने दारात उभं राहून ऐकलं. तिला त्याचा राग आला, आणि राग यायचा आपल्याला हक्क आहे की नाही हेही कळेना.

घरी आल्यावर पहारा बदलला. आता संशयाची पाळी भावजयीची होती. औषधांचं कपाट कुलूपबंद झालं आणि किल्ली तिच्या गळ्यात. गोळी दिली की ती भावाला जीभ उचलायला लावायची, गालात बोट फिरवायची. आक्काने त्याला पाण्याचा पेला दिला तरी ती तो हातातून घेऊन आधी स्वतः चव पाहायची. एकदा तर भाऊ मागच्या खोलीकडे वळला आणि तिने त्याला दंडाला धरून परत फिरवलं. आक्काने आपलं दार लोटून घेतलं.

पुढे एकदा लाँड्रीतल्या जुन्या मैत्रिणीला बघायला भावजयीला दिवसभर जावं लागलं. तिने किल्ली गळ्यातून काढली, हातात धरून थोडी घुटमळली, आणि आक्काच्या हातात दिली. कुठली गोळी कधी, ते दोनदा सांगितलं. आक्काने दोनदा मुकाट ऐकलं. दुपारी गोळी द्यायची वेळ झाली तेव्हा आक्काला कारखान्याच्या खिडकीबाहेर, उभ्या काचांच्या फटीतून, पदराचा रंग दिसला. भावजय गेलीच नव्हती, किंवा अर्ध्या वाटेतून परत आली होती. आक्काने भावाला काही सांगितलं नाही. फक्त त्याची खुर्ची खिडकीकडे वळवली आणि म्हणाली, "गिळ. आता आ कर. मोठा." त्याने केला. खिडकीतला रंग थोडा वेळ तसाच राहिला आणि मग गेला.

भाऊ त्यानंतर वर्षभर जगला. काचा कापणं बंद झालं, पण टेबलाशी बसून तो नव्याने ठेवलेल्या कारागिराला शिव्या घालायचा. पायाचं एक बोट गेलं, मग मूत्रपिंड थकलं, आणि एका सकाळी बायको पायांचं घमेलं घेऊन आत गेली तेव्हा तो उशीला टेकून बसल्या बसल्या गेलेला होता. तोंड शांत होतं. ह्याही वेळी त्याला काही दुखलं नसावं. त्या सकाळी दोघी एका पलंगाच्या दोन टोकांना बसून राहिल्या.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. भावजय निघून जाईल असं आक्काला वाटलं होतं. ती गेली नाही. कारागिराच्या हाताखाली ती स्वतःच रेघ मारायला शिकली. दोघींचं जेवण एकत्र व्हायचं, बोलणं कामापुरतं. माफी आक्काने एकदा मागितली होती. भावजय म्हणाली होती, "त्याचं मी काय करू, वन्सं?" ते खरंच होतं.

मग एकदा जेवताना भावजय म्हणाली, "रात्री तुम्ही चारदा उठता. तांब्या भरून ठेवते तो सकाळी रिकामा असतो. उद्या रक्त द्यायला जायचं."

"मला काही झालं नाहीये," आक्का म्हणाली. "तुला काय वाटतं?"

"वाटत काही नाही. संशय आहे."

आक्काने तिच्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यामागे काय आहे ते तिला आजही कळत नव्हतं. काळजी असेल, किंवा आता डोळ्यांसमोर दुसरा माणूस जायला नको एवढाच हिशेब असेल, किंवा कारखान्यात एकटं राहायची भीती असेल. पूर्वी तिने उलटसुलट विचारून ते काढून घेतलं असतं. तिने भात कालवला, एक घास खाल्ला, आणि उपाशीपोटी जायचं का, एवढंच विचारलं.

"हो, उपाशीपोटी," भावजय म्हणाली. "मी येते बरोबर."